जंतू दोषी, पण एकटे नाहीत

दात हलू लागले की आपल्याकडे दोन निकाल तयार असतात. घरचा निकाल: वय झालं. औषधाच्या दुकानातला: जंतू झालेत, पाच दिवस गोळ्या घ्या. पहिला चूक आहे. दुसरा अर्धा बरोबर असल्यामुळे जास्त घातक.

वयाचं आधी बघू. १९६५ साली दंतसंशोधक हॅराल्ड लो यांनी डेन्मार्कमध्ये निरोगी हिरड्यांच्या काही जणांना दात घासणं बंद करायला लावलं. तीन आठवड्यांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं सुरू करताच बऱ्या झाल्या. सूज आणली ती दातांवर साठलेल्या जंतूंच्या थराने, वाढदिवसांनी नव्हे.

मग दुकानदाराचंच खरं? त्यालाही लो यांनीच खोडून काढलं आहे. १९७० पासून १५ वर्षं त्यांनी श्रीलंकेतल्या ४८० चहामळा-मजुरांचा अभ्यास केला. कुणी ब्रश वापरत नव्हतं, दंतवैद्य पाहिलेला नव्हता, कीटण सगळ्यांच्याच तोंडात. जंतूच सर्वेसर्वा असते, तर सगळ्यांची गत एकच व्हायला हवी होती. प्रत्यक्षात सुमारे ८ टक्के लोकांचा हिरड्यांचा आजार झपाट्याने वाढला आणि पंचेचाळिशीपर्यंत त्यांचे जवळजवळ सगळे दात गेले. ८१ टक्क्यांचा आजार संथ चालला. ११ टक्क्यांची मजल हिरड्या सुजण्यापलीकडे गेलीच नाही.

या फरकाचं एक उत्तर २०११ च्या उंदरांवरच्या प्रयोगात सापडतं. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा जंतू तोंडात अगदी थोडा असला तरी बाकीच्या जंतूंचा समतोल बिघडवतो आणि दातांना धरणारं हाड झिजतं. पूर्ण निर्जंतुक वाढवलेल्या उंदरांत तो एकटा सोडला, तेव्हा मात्र हाड शाबूत राहिलं. म्हणजे त्याला साथीदार लागतात. आणि दाताखालचं हाड विरघळवतात त्या पेशी आपल्याच शरीराच्या. सूज लांबली की त्या मोकाट सुटतात. मधुमेह आणि तंबाखू या आगीत तेल ओततात. त्यात सिगारेटवाल्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, म्हणून ते निर्धास्त!

म्हणूनच नुसत्या गोळ्या तोकड्या पडतात. चिकट थरातल्या जंतूंवर औषधाचा मारा नीट चालत नाही. तो थर खरवडूनच काढावा लागतो. 'कीटण काढलं की दात सैल होतात' हा आक्षेप तर उलटाच आहे. दात आधीच सैल झालेला असतो, कीटण फक्त ते झाकून ठेवतं.

शेवटचा आक्षेप पैशांचा: दंतवैद्य दर तीन महिन्यांनी कशाला बोलावतात? कारण दात आणि हिरडी यांच्यामधल्या खोल फटीत ब्रश पोचत नाही आणि साफ केलेल्या जागी जंतू काही आठवड्यांत पुन्हा बिऱ्हाड थाटतात.