बरणीवर तारीख लिहा

गेल्या मे महिन्यात अम्मीच्या मनगटाला तव्याचा चटका बसला. घरात कोरफडीच्या गराची बरणी तयारच होती. चार दिवसांपूर्वी मीच पानं सोलून, गर मिक्सरमध्ये फिरवून ती फ्रीजमध्ये ठेवली होती. मधल्या दोन रात्री वीज बराच वेळ गेली होती, हेही मला माहीत होतं. तरी ‘घरचं आहे, शुद्ध आहे’ म्हणून तोच गर लावला. तिसऱ्या दिवशी फोड फुटून जखमेत पू झाला. डॉक्टरांनी बरणी आणायला सांगितली, झाकण उघडून वास घेतला आणि काही न बोलता माझ्या हातात परत दिली. आंबूस वास मलाही आला.

शेजारच्या खालांना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “घर की चीज है, खराब कायकू होती?” आपल्या सगळ्यांचा घोळ या एका वाक्यात आहे. शुद्ध असणं वेगळं आणि टिकणं वेगळं. कोरफडीच्या गरात ९८ ते ९९ टक्के पाणी असतं आणि उरलेल्यात बराचसा भाग साखरेच्या जातीच्या पदार्थांचा. पान अखंड असतं तोवर साल त्याची राखण करते. साल काढली की जंतूंना दार उघडंच. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असताना गर बाहेर ठेवला, तर त्याच दिवशी वापरून संपवावा. फ्रीजमध्ये, वीज न जाता, पाच ते सात दिवस. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवला तर दोनेक महिने. लिंबाचे चार थेंब टाकले की गर लवकर लाल पडत नाही, पण म्हणून तो जंतूंपासून वाचला असं नाही. दुकानातला जेल दोन वर्षं टिकतो, कारण त्यात सोडियम बेन्झोएट किंवा पोटॅशियम सॉर्बेटसारखे टिकाऊपणा देणारे पदार्थ असतात. त्याचा हिरवा रंगही बहुधा वरून घातलेला. खरा गर पाण्यासारखा असतो.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण वेगळं आहे. आमच्या मोहल्ल्यात विड्या वळणाऱ्या काही बायका आता घरी गर काढून विकू लागल्या आहेत. विडीच्या तंबाखूतून सुटका होत असेल, तर याहून चांगली गोष्ट नाही. मीही त्यांच्याकडून घेतो. पण बरणीवर ‘सुन्नत इलाज’ अशी चिठ्ठी असते आणि तारीख नसते. माझी तक्रार या दोन्हींबद्दल आहे.

आधी चिठ्ठीबद्दल. हदीसमध्ये ‘सबिर’चा उल्लेख आहे, हे खरं. एहराममध्ये असताना डोळे दुखले तर त्याचा लेप चालतो, अशी रिवायत सहीह मुस्लिममध्ये आहे. पण सबिर म्हणजे हा गर नव्हे. पान कापल्यावर सालीलगत जो पिवळा, कडू चीक येतो, तो आटवून-वाळवून केलेला खडा म्हणजे सबिर. सोकोत्रा बेटावरचा सबिर त्यासाठी शतकानुशतकं नावाजलेला होता. युनानी हकीम त्याला एलवा किंवा मुसब्बर म्हणतात, मराठी घरांत तोच काळा बोळ. मुरगळलेल्या पायाला आजी उगाळून लावायची, तो. चीक वाळवला की वर्षानुवर्षं टिकतो, म्हणून तो समुद्रापार गेला. गर मात्र लागेल तेव्हा पान कापून ताजाच वापरला जायचा. जुन्या लोकांनी दोन्हींतला फरक ओळखला होता. आपण पैगंबरांचं नाव चिकटवून तो पुसून टाकतोय.

आता तारखेबद्दल. बाजारात धान्याच्या राशीत पैगंबरांनी हात घातला, तर आतलं धान्य ओलं लागलं. पावसानं भिजलं, असं विक्रेत्यानं सांगितलं. मग ओलं धान्य लोकांना दिसेल असं वर का नाही ठेवलंस, हा त्यांचा प्रश्न होता. धान्य भिजलं हा त्याचा गुन्हा नव्हता. ते झाकलं, हा होता. गर नासतो यातही कुणाचा दोष नाही. तो कधी काढला हे न सांगणं, ही मात्र झाकलेली ओल आहे. सुन्नत पाळायचीच असेल, तर ती या तारखेत आहे.

कोरफड साठवण्याची सगळ्यात चांगली जागा म्हणजे कोरफडच. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, तरी गच्चीवर तेलाच्या जुन्या डब्यात तिचे तीन गड्डे वाढलेत. भाजी धुतलेल्या पाण्यावर. लागेल तेव्हा बाहेरच्या बाजूचं एक जून पान बुडातून कापावं. कापलेली बाजू खाली करून अर्धा तास उभं ठेवावं, म्हणजे पिवळा चीक गळून जातो. मग पान, हात, सुरी स्वच्छ धुऊन गर काढावा. उरला तर उकळून कोरड्या केलेल्या छोट्या बरणीत घालावा, बोट न बुडवता चमच्यानं घ्यावा. वास किंवा रंग बदलला, तर फेकून द्यावा. भाजल्यावर आधी वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली हात धरावा. गोठवलेली वडी भाजल्या जागी लावू नये आणि फुटलेल्या फोडावर घरचा गर नकोच. चिकानं जोराचे जुलाब होतात, म्हणून गरोदर बाईनं कोरफड पोटात घेऊ नये.

विकणाऱ्या बहिणींना माझं एवढंच सांगणं आहे: झाकणावर चिकटपट्टी लावून तारीख लिहा. आणि घेणाऱ्यांना त्याहून महत्त्वाचं. “पाचच दिवस टिकतो,” असं कुणी खरं सांगितलं, तर नाक मुरडून दुकानातल्या दोन वर्षांच्या बाटलीकडे वळू नका. खरं बोलणाऱ्याचा माल पडून राहिला, तर उद्या तीही तारीख लिहिणार नाही.