मूळचे कुठले?

मंडळी, बँकेत असताना मुलाखतीच्या पॅनलवर बरेचदा बसलो, म्हणून स्पष्टच लिहितो. उमेदवाराची भीड चेपावी म्हणून साहेब विचारतात, "गाव कुठलं?" पोरगा सांगतो, "इंदूर." "ते झालं हो, पण मूळचे कुठले?" झालं! भीड चेपायची राहिली बाजूला, पोरगा गोरामोरा.

मुंबईत आपण बाहेरचे, आणि भोपाळात "आप तो महाराष्ट्र के हैं ना?" अहो, १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला आणि होळकरांची राजधानी इंदूरला आली. इथलं म्हणवून घ्यायला आणखी किती पिढ्या लागतात?

आपले मराठी साहेब तर एक पाऊल पुढे. "कुठले जोशी?" म्हणे सहज विचारलं! ही जात काढणं झालं. त्यानंतर दिलेले मार्क निव्वळ गुणांचे, हे कोण मानील?

बोलतं करायचंय ना? मग विचारा, बसने आलास की रेल्वेने, चहा घेतलास का. ज्याचं उत्तर चुकूच शकत नाही, असंच पहिलं विचारावं.

आणि मुलांनो, "इंदूर" म्हणा नि थांबा. खापरपणजोबांचं गाव सांगायला तुम्ही तिथे गेलेला नाहीत.