वैद्याचा धर्म आणि युद्धबंदी

पोहरादेवीला संत सेवालाल महाराजांच्या समाधीपुढे नतमस्तक होणाऱ्या बंजारा समाजाचे पूर्वज एकेकाळी फौजांना बैलांच्या पाठीवरून धान्य पोचवीत. युद्धातही काही व्यवसाय मारण्याचे नसतात, जगविण्याचे असतात. वैद्यक हा त्यांपैकी श्रेष्ठ. परंतु तोच शस्त्राचा दास झाला तर? चीन-जपान युद्धाने दोन्ही टोके दाखविली. १९३८ साली सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस जखमींच्या शुश्रूषेसाठी चीनला गेले; ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच निवर्तले. त्याच युद्धात हार्बिनजवळ शिरो इशी या जपानी लष्करी डॉक्टरच्या ‘तुकडी ७३१’ने बंदिवानांना रोगजंतू टोचले, जिवंत माणसांची चिरफाड केली. पुढे त्या प्रयोगांच्या माहितीच्या मोबदल्यात अमेरिकेने इशीला अभय दिले.

१९४९ च्या जिनिव्हा कराराने युद्धबंद्यांवरील असे प्रयोग निषिद्ध ठरविले. पण कराराचा कागद सुई धरणारा हात अडवीत नाही. तो डॉक्टरनेच आवरावा लागतो. इशीही उच्चशिक्षितच होता. म्हणून वैद्यकीय महाविद्यालयांनी शरीरशास्त्राबरोबरच अधर्म्य हुकूम नाकारण्याचेही शिक्षण दिले पाहिजे. बंदिवान शत्रूचा असेल. रुग्ण मात्र डॉक्टरचाच असतो.