लेबल वाचून नव्हे, पारखून विका हातमोजे

दिवाळी सरली की आमच्या मालेगावच्या बाजारात गरम कपड्यांचे गठ्ठे उतरू लागतात. लुधियानाचे स्वेटर, शाली, कानटोप्या येतात आणि त्यांच्याच जोडीने मोटारसायकलवाल्यांचे हातमोजे येतात. स्वेटर घ्यायला घरची चार माणसे येतात, लोकर ओढून पाहतात, रंग जाईल का म्हणून विचारतात. हातमोजे मात्र दुकानाच्या दारात टांगलेले पाहून, गाडीवरून खाली न उतरताच घेतले जातात. गिऱ्हाईक विचारते, “गरम आहेत ना? पाण्याचे आहेत ना?” दुकानदार म्हणतो, “लिहिलेच आहे की!” एवढ्यावर सौदा होतो. या सौद्याविषयी आम्हांला आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांशी थोडे बोलायचे आहे. उपदेश करण्याचा आमचा हक्क नाही, कारण ही चूक आमच्याच हातून झाली आहे.

२०२३ च्या हिवाळ्यात आम्ही एका घाऊक व्यापाऱ्याकडून शंभर जोड हातमोजे उचलले. काळे, जाड, मनगटाला पट्टा आणि प्रत्येक जोडाला ‘वॉटरप्रूफ’ असे लेबल. आमच्या बहिणीच्या मुलाने त्यातला एक जोड नेला. तो वसुलीसाठी नाशिकला मोटारसायकलवर जाऊन येतो. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी नाशिक जिल्ह्यात अवकाळी पाऊस आणि गारा कोसळल्या. द्राक्षबागा आणि कांद्याचे किती नुकसान झाले ते सर्वांना ठाऊक आहे. भाचा त्या दिवशी परतीच्या रस्त्यावर होता. पिंपळगावपासून पावसाने गाठले, चांदवड येईतो मोजे आतून ओले झाले आणि राहुड घाटात पुढच्या ट्रकने वेग कमी केला तेव्हा त्याची बोटे ब्रेकच्या लिव्हरवर वळेनात. गाडी कडेला गेली, मनगट मोडले. मागून दुसरे वाहन येत नव्हते, ही अल्लाहची मेहरबानी.

हाताला प्लास्टर घालून तो दुकानात आला तेव्हा रागावला नाही. फक्त म्हणाला, “मामू, रंगाच्या कपड्याचा तुकडा तुम्ही गिऱ्हाईकासमोर पाण्यात बुडवून दाखवता. मोजा का नाही बुडवून पाहिला?” आमच्याजवळ जवाब नव्हता. तीस वर्षे आम्ही कापड काउंट आणि जीएसएम पाहून घेतो, ताणा-बाणा उलगडून पाहतो. हातमोजा मात्र आम्ही लेबल पाहून घेतला आणि लेबल पाहून विकला.

त्या रात्री आम्ही एक मोजा कात्रीने उभा कापला. वरचे कापड नायलॉनचे, त्याच्या आतल्या बाजूला लेप दिलेला. त्याखाली फोमची पातळ चादर आणि शेवटी अस्तर. घाऊक व्यापाऱ्याला विचारले तर तो शांतपणे म्हणाला, “हाजीसाहेब, कापड वॉटरप्रूफच आहे.” त्याचे म्हणणे खरे होते आणि सारी गोम त्यातच होती. कापडातून पाणी जात नव्हते, पण शिवणीतून जात होते. एका हातमोज्याला पाच बोटे, प्रत्येक बोटाला दोन्हीकडून शिवण आणि सुईच्या प्रत्येक टाक्याला एक छिद्र. कापड कितीही पक्के असो, शिवलेला मोजा हा छिद्रांचाच असतो. ही गोष्ट शिंप्याला समजते, कापडवाल्याला समजते. मग हातमोजे विकताना आपण ती का विसरतो?

आता थंडीचा हिशेब पाहू. निफाडचा पारा काही हिवाळ्यांत ५ अंशांच्याही खाली उतरला आहे. पण गाडीवरच्या माणसाला हवेची थंडी लागते तेवढीच नसते, वाऱ्याची थंडी निराळी. हवामानवाल्यांच्या हिशेबाने तापमान १० अंश आणि वारा ताशी ६० किलोमीटर असेल तर उघड्या त्वचेला साधारण ५ अंशांसारखी थंडी वाजते. तापमानच ५ अंश असेल तर ती शून्याखाली २ अंशांसारखी होते. गाडीने ताशी ६० चा वेग घेतला की वारा न सुटताही हा वारा हातांवर येतो. त्यात मोजा ओला असेल तर हाल विचारू नका. पाणी हवेपेक्षा वीसपटींहून जास्त उष्णता ओढून नेते. म्हणून भिजलेला जाड मोजा कोरड्या पातळ मोज्याहून वाईट.

बोटे बधिर झाली की काय होते? ताशी ६० च्या वेगाने गाडी एका सेकंदात १६-१७ मीटर जाते. ब्रेक दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला तरी ८ मीटर रस्ता हातातून गेला. एवढ्या अंतरात आमच्या भाच्याचे मनगट मोडले. हातमोजा ही शौकाची वस्तू नाही, ब्रेकचाच एक भाग आहे, असे आम्ही आता समजतो.

मग चांगला मोजा कसा असतो? त्याला चार थर असतात. वरचा थर चामड्याचा किंवा जाड नायलॉन-पॉलिस्टरचा. तो वारा आणि घसरण झेलतो. त्याखाली पाणी अडवणारा पडदा, ज्याला मेम्ब्रेन म्हणतात. त्याखाली ऊब धरणारे भरण आणि शेवटी त्वचेला लागणारे मऊ अस्तर. या चारांत पडद्याचेच मोल सर्वांत जास्त, आणि बाहेरून तोच दिसत नाही. गोर-टेक्स हे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. तो पडदा मुळात ज्या पदार्थापासून बनवला गेला त्याच जातीचा टेफ्लॉन आपल्या घरच्या न चिकटणाऱ्या तव्यावर असतो. त्याची छिद्रे पाण्याच्या थेंबापेक्षा कितीतरी बारीक, पण वाफेच्या कणापेक्षा मोठी. म्हणून बाहेरचे पाणी आत येत नाही आणि हाताचा घाम वाफ होऊन बाहेर जातो. पॉलियुरेथेनचे स्वस्त पडदेही मिळतात आणि त्यांतले बरे काम देतात. साध्या प्लास्टिकचा पडदा पाणी अडवतो, पण घाम कोंडतो, आणि तासाभरात मोजा आतून ओला होतो.

हा पडदा हाताच्या आकाराच्या वेगळ्या पिशवीसारखा बसवतात. त्याचे जोड शिवत नाहीत, उष्णतेने चिकटवतात किंवा शिवणीवर पट्टी बसवतात. पिशवी अस्तराला आणि वरच्या थराला बोटांच्या टोकाशी नीट अडकवली नसेल, तर ओला हात बाहेर काढताना अस्तरही उलटे बाहेर येते आणि पुन्हा बोटे आत जात नाहीत. गिऱ्हाइकाने दुकानातच मोजा चार वेळा घालून-काढून पाहावा. अस्तर हाताबरोबर ओढले जात असेल तर तो जोड परत ठेवावा.

भरणाचे जीएसएम विचारण्यात आपल्या धंद्यातल्या माणसाला लाज वाटण्याचे कारण नाही. थिन्सुलेटसारख्या बारीक तंतूंच्या भरणावर ४०, १०० असे आकडे लिहिलेले असतात, ते एका चौरस मीटरचे वजन ग्रॅममध्ये सांगतात. आकडा जास्त तेवढी ऊब जास्त, पण मोजाही जाड. समजदार कारागीर हाताच्या पाठीवर भरण जास्त ठेवतो आणि तळव्याला कमी, कारण वारा पाठीवर लागतो आणि लिव्हरची जाण तळव्याला व बोटांना हवी असते. आमच्या भागातल्या थंडीला फार जाड भरणाची गरज नाही, वारा आणि पाणी अडले की अर्धे काम होते. हिमाचल किंवा लडाखकडे जाणाऱ्याची गोष्ट वेगळी.

मापाची चूकही पुष्कळ जण करतात. अंगठा सोडून तळव्याचा घेर फीतीने मोजावा. मोजा घातल्यावर मूठ वळली पाहिजे आणि बोटाच्या टोकाशी थोडी जागा राहिली पाहिजे. घट्ट मोजा गरम असतो, हा गैरसमज आहे. घट्ट मोज्यात भरण दाबले जाते, रक्त अडते आणि बोटे लवकर गार पडतात. घेताना गाडीच्या हँडलवर हात ठेवून क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबून पाहावेत, इंडिकेटरचे बटण सापडते का तेही पाहावे. मनगटाचा भाग लांब हवा. पावसात तो रेनकोटच्या बाहीच्या आत जावा, नाहीतर बाहीवरून ओघळणारे पाणी सरळ मोज्यात उतरते आणि दोष मात्र मोज्याला लागतो.

काही मोज्यांवर युरोपच्या ईएन १३५९४ या मानकाचा उल्लेख असतो. त्यात १ आणि २ असे दर्जे आहेत आणि बोटांच्या सांध्यांवरचे कवच तपासलेले असेल तर ‘केपी’ ही अक्षरे असतात. हा शिक्का घसरण आणि मार यांच्यासाठी आहे. तो आहे म्हणून मोजा पाण्यालाही पक्का, असे समजू नये.

पाण्याची परीक्षा फार सोपी आहे. हात कोरडा करून त्यावर टिश्यू कागद गुंडाळावा, मोजा चढवावा आणि मनगटापर्यंत बादलीत पाच मिनिटे बुडवून मूठ उघड-बंद करावी. कागद कोरडा निघाला तर माल खरा. प्रत्येक खेपेतला एक जोड आम्ही आता असा बुडवतो आणि एक मोजा कापतो. एक जोड वाया जातो, हे खरे. पण तो खर्च आम्ही मालाच्या भाड्यासारखाच धरतो.

यावर काही दुकानदार भाई म्हणतात, “गिऱ्हाइकाला स्वस्तच हवे असते. खरा पडदा असलेला मोजा महाग पडतो, तो कोण घेणार?” या बोलण्यात तथ्य आहे. पहाटे दूध घालणारा, सायझिंगच्या रात्रपाळीवरून सुटणारा, भाजीचा गाडीवाला, यांना महागडा मोजा परवडत नाही. पण स्वस्त विकणे आणि खोटे सांगून विकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आमच्याकडे उरलेले जोड आम्ही फेकले नाहीत. लेबले काढली आणि भाव कमी करून, “हे वाऱ्याचे आहेत, पाण्याचे नाहीत” असे सांगून विकले. सारे खपले. ज्यांना ते आधी विकले होते त्यांच्यापैकी ओळखीच्या गिऱ्हाइकांना निरोप धाडला, आले त्यांना फरक परत केला. त्यातले बहुतेक आजही आमच्याच दुकानात येतात.

ज्याला एकच स्वस्त उपाय हवा त्याला आम्ही सांगतो की, वारा अडवणारा साधा मोजा घ्या आणि हँडलला प्लास्टिकचे हँडगार्ड बसवा, वाऱ्याचा मारा पुष्कळ कमी होतो. पावसासाठी मोज्यावरून चढणारे सैल रबरी आवरण डिकीत ठेवा. नुसता लोकरी मोजा घेऊ नका, त्यातून वारा आरपार जातो. लोकरीवर पॉलिथिनची पिशवी बांधण्याची रीत तर सोडूनच द्या, आत घाम साचतो आणि बाहेर लिव्हरवर हात सरकतो.

मोजा टिकवणेही हातात आहे. भिजलेला मोजा चुलीजवळ किंवा सायलेन्सरवर वाळवू नये. चामडे कडक होते, पडद्याचे जोड सुटतात. आत वर्तमानपत्राचे कागद कोंबून सावलीत वाऱ्यावर ठेवावा आणि कागद बदलत राहावे. धुताना कपडे मऊ करणारे द्रव्य वापरू नये, त्याने वरच्या थराचे पाणी झटकणारे फिनिशिंग बिघडते.

कारागीर बांधवांना आमची एक विनंती आहे. ज्यांच्या हातात चामडे आणि कापड शिवण्याचे हुन्नर आहे त्यांनी हा माल उघडून अभ्यासावा. पडद्याच्या पिशवीला सुई लागली की सारी मेहनत पाण्यात जाते, हे ज्याला उमगले त्याचा मोजा बाजारात वेगळा ओळखला जाईल. आणि व्यापारी बांधवांनी बिल फाडताना ‘वारा’ की ‘पाणी’ एवढा एक शब्द त्यावर लिहावा. आम्ही लिहितो. भाच्याचे मनगट सांधले आहे, पण थंडीत अजून दुखते. दरवर्षी नवी खेप आली की बादलीत पहिला मोजा तोच बुडवतो, आणि कागद कोरडा निघाल्याशिवाय माल दारात टांगू देत नाही.