खुणा कोण वाटतो?

एक कोडं घालतो. शाळेत, टीव्हीवर, जयंतीच्या मंडपात घालतात तसलंच. ओळखा पाहू मी कोण?

खूण एक : 1937 साली मुंबईच्या कायदेमंडळात मी कोकणातली खोती मोडायचं बिल मांडलं. जानेवारी 1938 मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा त्याच कायदेमंडळावर नेला. खूण दोन : 7 नोव्हेंबर 1938 ला मुंबईच्या गिरण्या एक दिवस बंद पाडल्या, त्यात मी पुढं होतो. काँग्रेस सरकारचं बिल कामगाराचा संपाचा हक्क आवळत होतं, म्हणून. खूण तीन : 1951 मध्ये मी दिल्लीतलं मंत्रिपद सोडलं. बाईला वारसा आणि घटस्फोट देणारं बिल रखडवलं, हे त्यातलं मोठं कारण.

हे कोडं मी पोरांना घालतो तेव्हा कुणी डांगे म्हणतं, कुणी एस. एम. म्हणतं. मग मी खुणा बदलतो. महूचा जन्म, कोलंबियाची डिग्री, घटनेचा शिल्पकार. सगळा मंडप एका दमात ओरडतो. माणूस तोच. बाबासाहेबच.

म्हणजे भानगड पोरांच्या स्मरणशक्तीची नाही. खुणा वाटणाऱ्याची आहे. ज्या खुणेनं कुणाच्या बुडाखाली आग लागत नाही तीच खूण पुस्तकात येते, परीक्षेत येते, पुतळ्याच्या पाटीवर येते. घटना लिहिणं ही लहान गोष्ट नव्हे. पण 1938 ला मनमाडला रेल्वे कामगारांपुढं ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू आहेत असं बजावणारे बाबासाहेब खुणांच्या यादीतून गाळले, की उरतात त्यांना हार घालायला गिरणीमालकाचा नातूसुद्धा येतो. तो खुशाल येतो. त्याला काही टोचतच नाही.

आता दुसरा माणूस घ्या. डावखुरा फिरकी गोलंदाज. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात 114 बळी. क्रिकेटचा किडा असेल तो सांगेल, पळवणकर बाळू. पण बाळूची पहिली खूण ही नव्हेच. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबावर महिना चार रुपयांवर खेळपट्टी झाडणारा, रोलर फिरवणारा चांभाराचा पोर, ही पहिली खूण. हिंदूंच्या टीममध्ये घेतला तो जिंकायला. बॉल त्याच्या हातचा चालायचा, चहा मात्र त्याला वेगळ्या मातीच्या भांड्यात, बाहेर. कप्तानी तर दिलीच नाही. ती 1923 साली त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाली.

इथवर आपण टाळ्या वाजवतो. पण बाळूची अजून एक खूण आहे. 1937 च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसच्या तिकिटावर हाच बाळू बाबासाहेबांविरुद्ध उभा राहिला आणि पडला. ही खूण आपली पोरं गाळतात. का? आपल्याला बोचते म्हणून. मग त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय राहिला? ते मातीचं भांडं लपवतात, आपण तिकीट लपवायचं? ज्याला मैदानाबाहेर चहा पाजला तोच माणूस पुढं कुणाच्या तिकिटावर उभा केला जातो आणि कुणाविरुद्ध, हे कळल्याशिवाय राजकारण कळत नाही. अर्धी खूण म्हणजे अर्धं खोटं. ते कुणीही सांगितलं तरी खोटंच.

आणि काही माणसांना खुणाच ठेवल्या नाहीत. 1855 साली 'ज्ञानोदया'त एका मांगाच्या पोरीचा निबंध छापून आला. जोतीराव-सावित्रीमाईंच्या शाळेत शिकणारी ही पोर. मांगा-महारांचं दुःख तिनं मांडलं, पेशवाईतला जुलूम सांगितला, आणि ज्यांना वेद वाचायची बंदी त्यांचा धर्म तरी कोणता, असं थेट देवालाच विचारलं. मुक्ता साळवे. नाव आहे, निबंध आहे. पण त्यापुढची तिची जिंदगी कुणी टिपून ठेवली नाही. पेशव्यांच्या जेवणावळींचे हिशेब सापडतात, मुक्ताचं पुढं काय झालं ते सापडत नाही. कोडं घालणाऱ्याला एवढं बरं पडतं. खूणच नाही तर विचारणार काय?

तुमच्यातले कितीतरी जण आज अभ्यासिकेत रात्र रात्र बसून स्पर्धा परीक्षेची गाईडं पाठ करताय. करा. नोकरी लागलीच पाहिजे, पोट कुणाला चुकलंय? पण एक ध्यानात ठेवा. परीक्षेत उत्तर तुमचं असतं, खूण त्यांची असते. दहा वर्षं दुसऱ्याच्या खुणांवर आपला बाप ओळखत बसलात, तर खुर्चीवर बसाल तेव्हा समोर उभा असलेला आपला माणूसही ओळखू येणार नाही.

म्हणून पुढच्या अंकापासून शेवटचं पान कोड्यांना देतोय. तुम्ही पाठवा. अट दोनच. खूण खरी पाहिजे, साल तपासून. आणि निदान एक खूण अशी पाहिजे की जी विचारताना विचारणाराच थोडा अडखळेल. नुसती महापुरुषांचीच नकोत. तुमच्या चाळीत 1982 च्या संपात मोडून पडलेला गिरणी कामगार अजून कुणी जिवंत असेल, तर आधी त्याच्यापाशी बसा. वही घेऊन जा. त्याच्या खुणा अजून तो स्वतः सांगू शकतो.