माशी बांधायची, पण कशाची?

मासे पकडायला माशी बांधतात म्हटल्यावर आमच्या मंडळात हशा पिकला. ही माशी खरी नव्हे, बरं का. गळाच्या आकड्यावर दोरा, पीस, लोकर गुंडाळून केलेली किड्याची नक्कल; ट्राउटसारखा मासा तिला किडा समजून तोंडात घेतो. 'फ्लाय टाइंग'चा हा छंद विलायतेत जुना आहे. विकतचं सामान महाग, म्हणून घरातल्या टाकाऊ वस्तू वापरा, असं हल्ली सांगतात.

पण ही काही आजची टूम नाही. इंग्लंडात विल्टशायरच्या एव्हन नदीवर फ्रँक सॉयर नावाचे नदीराखे होते. १९५८ साली त्यांचं 'निम्फ्स अँड द ट्राउट' हे पुस्तक आलं. त्यांची एक प्रसिद्ध माशी 'किलर बग'. तिला लागे काय, तर तांब्याची बारीक तार आणि मोजे रफू करायची 'चॅडविक ४७७' लोकर! भिजली की ती गुलाबीसर दिसे. पुढे ती लोकर निघेनाशी झाली आणि हौशी लोक तिच्या जुन्या कार्डांसाठी अव्वाच्या सव्वा पैसे मोजू लागले. शिवणाच्या डब्यातली वस्तू अशी तिजोरीत गेली. मला हे हास्यास्पद वाटतं. सॉयरनी हाताशी होतं ते घेतलं. त्यांचं अनुकरण करायचं तर आपणही आपलाच डबा उघडावा. उसवलेला स्वेटर आहे, कोंबडीची पिसं आहेत, जळालेल्या पंख्याच्या वाइंडिंगची तार आहे. तारेच्या वजनानं माशी पटकन बुडते, हाच तर तिचा उपयोग.

माझा विरोध आहे तो चिप्सच्या पाकिटांना. त्यांच्या चकचकीत पट्ट्या कापून माशीला लावतात आणि त्याला पर्यावरणप्रेम म्हणतात. आमच्यातला एक जण म्हणाला, "अगोदरच कचरा आहे तो, त्यात एवढीशी पट्टी!" पण माशी हरवतेच. कधी झाडाच्या फांदीत अडकते, कधी दगडाखाली, कधी मासाच दोरा तोडून नेतो. लोकर कुजेल, साधा आकडा गंजेल, पट्टी मात्र तशीच राहील. कचऱ्याच्या डब्यातलं पाकीट निदान कोणी उचलून नेतं. नदीत गेलेली पट्टी कोण काढणार?

आमच्या 'टाकाऊतून टिकाऊ' स्पर्धेतही हेच चालतं. टाकाऊ बाटली एक, आणि तिच्यावर नवी कोरी चमकी, नवा गोंद, नवी रिबन. यंदा नियमांत एक ओळ घालावी, असं मी मंडळाला सुचवलं आहे: स्पर्धेसाठी काहीही विकत आणायचं नाही. अजून कुणी होकार दिलेला नाही.