खाडा कोणाचा ?

‘मधुमेही गरीब औषध नियमाने घेत नाही, तो अडाणी, तो बेफिकीर,’ असा निकाल दवाखान्याच्या खुर्चीवरून नित्य दिला जातो. आरोपीचे म्हणणे न ऐकता दिलेला हा निकाल आम्हांस मान्य नाही !

ऊसतोड मजुरांचीच स्थिती पाहा. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून हजारो कुटुंबे उचलीचे ओझे डोक्यावर घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. पुढील पाच-सहा महिने त्यांचा संसार फडाजवळच्या खोपीत. त्यांची नोंद असलेले उपकेंद्र मात्र गावीच राहते. दवाखान्यासाठी एक दिवस काम सोडले की खाडा पडतो. मजुरी बुडते आणि वर दंडही कापला जातो. अशा माणसाची गोळी चुकली, तर तो खाडा त्याचा की व्यवस्थेचा ?

संपन्न देशांतही दीर्घ आजाराचे सरासरी निम्मेच रोगी उपचार नियमाने घेतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली सांगितले. मग अडाणीपणाचा शिक्का आमच्याच कपाळी का ? इन्सुलिनच्या शोधकांनी १९२३ साली आपला हक्क टोरोंटो विद्यापीठास एकेका डॉलरला देऊन टाकला. त्या त्यागाला शतक लोटले, तरी खोपीतल्या रोग्याला ते औषध थंड ठेवण्यापुरती सोय नाही !

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. स्थलांतरापूर्वी तीन महिन्यांची औषधे हाती द्या. रोग्याची नोंदवही कोणत्याही उपकेंद्रात ग्राह्य धरा. तपासणीच्या दिवसाचा खाडा कापू नका. ही भीक नव्हे, हक्क आहे.

परंतु बंधुभगिनींनो, हक्क मागणाऱ्याने आपले कर्तव्यही पाळले पाहिजे. बरे वाटले म्हणून गोळी सोडणे हा आत्मघात होय. हा रोग मुकाट्याने डोळे, मूत्रपिंडे व पाय पोखरतो. अंगाऱ्याने तो जात नाही. रोज रात्री तळपाय पाहा. लहान जखमही दुर्लक्षू नका. इन्सुलिनची कुपी बंद पिशवीत घालून ओल्या मातीच्या मडक्यात, सावलीत ठेवा. स्वतः बाबासाहेब याच व्याधीने पीडित होते. या रोगास क्षुल्लक मानण्याचा अधिकार आपणांस नाही.

गोळी आपण चुकवू नये आणि शासनास ती चुकवू देऊ नये !